माशाचे नाव आणि प्रथिनांची साक्ष

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाची संहिता)



मासळीबाजारात मासा निवडण्याची एक जुनी रीत आहे. घेणारी बाई प्रथम माशाचा कल्ला उचलून आतला रंग पाहते, डोळा खोल गेला आहे की उठावदार आहे हे न्याहाळते, अंगावर बोट दाबून मांस पुन्हा वर येते का ते अजमावते. ही झाली ताजेपणाची परीक्षा. तिच्या आधी आणखी एक परीक्षा नकळत होऊन गेलेली असते, ती ओळखीची. पापलेटचे चपटे, चंदेरी अंग, सुरमईच्या कुशीवरचे पट्टे, बांगड्याच्या पाठीची हिरवट-निळी झाक, बोंबलाचे मऊ, जवळजवळ पारदर्शक शरीर ही प्रत्येकाची खूण असते. कोळिणीने नाव सांगण्यापूर्वी माशाने स्वतःच ते सांगितलेले असते, आणि ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासळी शिजली त्या घरातल्या लहान मुलालाही ते ऐकू येते.

कोकण आणि गोवा सोडून इंदूर, बडोदा, हैदराबाद, दिल्ली अशा शहरांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी ही जाण आपल्याबरोबर नेली. बाजार मात्र बदलला. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या शहरात मासा बर्फातून किंवा शीतगृहातून येतो. तो पुष्कळदा डोके, शेपटी, कातडी आणि काटे काढून, पांढऱ्या तुकड्यांच्या रूपात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गोठवलेला असतो. खवले, पर, कल्ले, रंग या ओळखीच्या सर्व खुणा कारखान्यातच गळून पडलेल्या असतात. उरतो तो फिकट मांसाचा तुकडा आणि पिशवीवर छापलेले नाव. ते नाव खरे आहे की नाही, हे अनुभवी डोळ्यालाही सांगता येत नाही.

आजच्या व्याख्यानाचा विषय या प्रश्नातूनच निघतो. माशाच्या सगळ्या बाह्य खुणा नाहीशा झाल्यावरही त्याच्या मांसात त्याचे नाव शिल्लक राहते का? राहत असेल तर ते वाचावे कसे? आणि ते वाचता आल्याने सामान्य घराला काय मिळते?

प्रारंभी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. प्रत्येक चुकीचे वाटणारे नाव ही फसवणूक नसते. रावसाला इंग्रजी बोलणारे ‘इंडियन सॅमन’ म्हणतात. पण सॅमनच्या कुळाशी रावसाचा काहीही संबंध नाही. हलव्याला ‘ब्लॅक पॉम्फ्रेट’ म्हणण्याची रूढी आहे. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने हलवा पापलेटच्या कुळातला नाही. ‘बॉम्बे डक’ हे बदक नव्हे, हे तर सर्वांना ठाऊक आहे. ही लोकभाषेतली नावे आहेत आणि ती वापरणाऱ्याच्या मनात कपट नसते. दक्षिण अमेरिकेतून आलेला आणि आता भारतातील तळ्यांत वाढवला जाणारा रूपचंद हा मासा रूपचंद म्हणून विकला गेला तर त्यात काही वावगे नाही. तोच समुद्रातले पापलेट म्हणून, पापलेटच्या भावाने विकला गेला की फसवणूक सुरू होते. स्वस्त मासा महाग नावाने विकणे, पाळीव मासा समुद्रातला म्हणून खपवणे, गोठवून वितळवलेला मासा ताजा म्हणून मांडणे आणि पकडण्यास बंदी असलेल्या जातीचे मांस दुसऱ्याच नावाखाली बाजारात आणणे, अशी तिची अनेक रूपे आहेत.

हे प्रकार किती चालतात, याची पाहणी अनेक देशांत झाली आहे. ‘ओशियाना’ या संस्थेने २०१० ते २०१२ या काळात अमेरिकेतील २१ राज्यांतून माशांचे १,२१५ नमुने गोळा केले आणि त्यांची जनुकीय तपासणी करून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जवळजवळ ३३ टक्के नमुन्यांवरचे नाव अमेरिकी नियमांप्रमाणे चुकीचे निघाले. ‘रेड स्नॅपर’ म्हणून घेतलेल्या १२० नमुन्यांपैकी केवळ ७ खरोखर त्या जातीचे होते. भारतातील बाजारांतून घेतलेल्या नमुन्यांवर आधारलेला असाच एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात २२ टक्के नमुन्यांचे नाव आणि मांस जुळले नाही. ही फसवणूक एखाद्या दूरच्या देशापुरती मर्यादित नाही, एवढे यावरून उघड होते.

यात बुडतात ते केवळ पैसे, असे मानणे मात्र धोक्याचे ठरेल. मे २००७ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात दोन व्यक्ती मासा खाऊन आजारी पडल्या. त्यांनी विकत घेतलेला मासा ‘मंकफिश’ या नावाने, गोठवलेल्या अवस्थेत चीनहून आयात झालेला होता. तपासात तो फुगणाऱ्या माशाच्या कुळातला, म्हणजे कोकणात ज्याला केंड म्हणतात त्याच्या जातभाईंपैकी निघाला. या कुळातील अनेक माशांच्या अंगात टेट्रोडोटॉक्सिन हे विष असते. ते मज्जातंतूंचे कार्य थांबवते, शिजवल्याने नष्ट होत नाही आणि त्यावर उतारा उपलब्ध नाही. अखंड मासा समोर असता तर किनाऱ्यावरच्या कोणत्याही कोळ्याने तो क्षणात बाजूला फेकला असता. पेटीवर मात्र दुसरे नाव होते आणि त्या नावावर विश्वास ठेवला गेला.

एस्कोलार नावाच्या माशाचे उदाहरण याहून सौम्य, पण बोलके आहे. त्याच्या मांसात मेणासारखे तेल असते; ते माणसाला पचत नाही आणि खाणाऱ्याला जुलाबांचा त्रास होतो. जपान आणि इटली यांनी या माशाच्या विक्रीवर बंदी घातली आहे. अमेरिकेत मात्र तो कित्येकदा ‘व्हाइट ट्यूना’ या नावाने ताटात येतो, असे ओशियानाच्या त्याच पाहणीत दिसून आले.

तिसरा धोका ॲलर्जीचा. ज्यांना माशांची ॲलर्जी आहे अशा व्यक्तींपैकी काहींना काही जाती सोसतात, काही मुळीच सोसत नाहीत. अशा मुलाच्या आईवडिलांसाठी पिशवीवरचे नाव औषधाच्या बाटलीवरच्या नावाइतकेच महत्त्वाचे असते. ज्या प्रथिनामुळे ही ॲलर्जी होते, त्याच प्रथिनात माशाचे नावही लिहिलेले असते. हा योगायोग पुढे समजून घेता येईल.

आता मूळ प्रश्नाकडे वळू या. माशाचे मांस म्हणजे मुख्यतः पाणी, प्रथिने आणि थोडी चरबी. प्रथिन ही अमिनो आम्लांची लांब साखळी असते. वीस प्रकारचे मणी वेगवेगळ्या क्रमाने ओवावेत, तशी ही अमिनो आम्ले साखळीत ओवलेली असतात. कोणता मणी कुठे यावा, हे त्या प्राण्याची जनुके ठरवतात. एकाच कामासाठी असलेले प्रथिन दोन जातींच्या माशांत जवळजवळ सारखे असते. पण दोन्ही जाती लाखो वर्षांपूर्वी एकमेकींपासून दुरावलेल्या असल्यामुळे साखळीत कुठे एक, कुठे दोन मणी बदललेले असतात. हा किरकोळ बदल जातीची खूण ठरतो. डोके कापले, कातडी सोलली, मांसाचे तुकडे केले, तरी ती खूण प्रत्येक तुकड्यात राहते.

ही खूण वाचण्याची पहिली व्यवहार्य रीत विजेच्या साहाय्याने सापडली. प्रथिनांवर विद्युतभार असतो आणि विद्युतक्षेत्रात ती सरकतात, या तत्त्वावर स्वीडनचे आर्ने टिसेलियस यांनी केलेल्या कार्याला १९४८ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९६०च्या दशकात स्वीडनमध्येच या रीतीचे एक सूक्ष्म रूप विकसित झाले. जेलीसारख्या पातळ थराच्या एका टोकाला आम्लता आणि दुसऱ्या टोकाला अल्कता ठेवायची, त्यावर माशाच्या मांसाचा अर्क लावायचा आणि वीज सोडायची. प्रत्येक प्रथिन सरकत सरकत अशा एका ठिकाणी येते, जिथे त्याच्यावरचा एकूण विद्युतभार शून्य होतो. तिथे ते थांबते. रंग दिल्यावर थरावर आडव्या रेघांची एक शिडी उमटते. प्रत्येक जातीची शिडी निराळी. ज्याची जात निश्चित ठाऊक आहे अशा माशाची शिडी आणि संशयित तुकड्याची शिडी शेजारी शेजारी ठेवली की नाव खरे की खोटे, याचा निवाडा करता येतो.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने माशांचा जो संदर्भकोश तयार केला, त्यात अखंड माशाचे छायाचित्र, त्याच माशाच्या कापलेल्या तुकड्याचे छायाचित्र आणि त्याच माशाच्या प्रथिनांची शिडी एकत्र दिलेली होती. डोळ्यांना दिसणारे रूप आणि प्रयोगशाळेत दिसणारे रूप यांची गाठ अशी पक्की बांधली गेली.

या रीतीला एक मर्यादा होती. अंडे उकडले की पांढरे घट्ट होते आणि पुन्हा पातळ होत नाही. माशाची बहुतेक प्रथिनेही उष्णतेने तशीच गोठतात. गोठलेली प्रथिने सरकत नाहीत आणि शिडी उमटत नाही. म्हणजे कच्च्या तुकड्याची परीक्षा घेता येई. पण शिजवलेला, तळलेला, पिठात घोळवून अर्धा कच्चा ठेवलेला मासा हातातून निसटे. बाजारात तर तयार खाद्यपदार्थ वाढतच होते.

येथे एका लहानशा प्रथिनाचा प्रवेश होतो. त्याचे नाव पार्वअल्ब्युमिन. लॅटिन भाषेत ‘पार्वस’ म्हणजे लहान, आणि नावाप्रमाणेच हे प्रथिन शंभराच्या आसपास मण्यांची छोटी साखळी आहे. माशाच्या पांढऱ्या मांसात ते विपुल असते. वेगाने आकुंचन पावणारा स्नायू पुन्हा सैल होताना कॅल्शियम धरून ठेवण्याचे काम ते करते. कार्प माशातील या प्रथिनाची त्रिमितीय रचना १९७३ साली उलगडली गेली. कॉड माशाची ॲलर्जी घडवून आणणारा पदार्थ हाच, हे नॉर्वेतील संशोधकांनी दाखवून दिले. उष्णतेने त्याचे फारसे बिघडत नाही, आणि म्हणूनच शिजवलेला मासाही ॲलर्जी असलेल्या माणसाला त्रास देतो. रुग्णाला जाचणारा हाच चिवटपणा परीक्षकाला मात्र उपयोगी पडला.

स्पेनच्या वायव्य किनाऱ्यावर विगो हे मोठे मासेमारी बंदर आहे. स्पेनमधील घरांत हेक नावाच्या माशाला आपल्याकडच्या पापलेट-सुरमईसारखा मान आहे. युरोपच्या किनाऱ्यालगत मिळणारा हेक, अर्जेंटिनाच्या समुद्रातला हेक, दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रातले दोन हेक अशा त्याच्या अनेक जाती विगोच्या बाजारात उतरतात. भाव वेगवेगळे, रूप मात्र इतके सारखे की तुकडे केल्यावर जाणकारही गोंधळतो. विगो येथील सागरी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे याच माशावर काम केले आणि २०११ साली एक रीत प्रसिद्ध केली. तिच्या पायऱ्या समजून घेणे अवघड नाही.

प्रथम मांसाचा अर्क काढून तो गरम करतात. बाकीची बहुतेक प्रथिने गोठून तळाशी बसतात आणि पार्वअल्ब्युमिन वरच्या स्वच्छ द्रवात राहते. जी उष्णता पूर्वीच्या परीक्षेत अडथळा होती, तीच येथे गाळणीचे काम करते. मग त्या द्रवात ट्रिप्सिन हे विकर घालतात. ट्रिप्सिन ही अशी कात्री आहे, जी साखळीतल्या केवळ दोन ठरावीक मण्यांपाशी कापते, इतरत्र नाही. त्यामुळे एकाच प्रथिनाचे तुकडे दर वेळी त्याच ठिकाणी पडतात. एरवी या कापणीला रात्रभर लागते. विगोच्या शास्त्रज्ञांनी तीव्र श्राव्यातीत ध्वनिलहरींचा मारा करून ती काही मिनिटांवर आणली. शेवटी हे तुकडे मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रात सोडतात. हे यंत्र म्हणजे अत्यंत सूक्ष्म तराजू. ते प्रत्येक तुकड्याचे वजन सांगते, तो आणखी फोडून त्याच्या कणांचेही वजन सांगते आणि त्यावरून मण्यांचा क्रम जुळवता येतो.

प्रथिनांसारखे मोठे आणि नाजूक रेणू न मोडता अशा यंत्रात कसे उडवावेत, हा प्रश्न दीर्घकाळ अडलेला होता. अमेरिकेचे जॉन फेन आणि जपानचे कोइची तानाका यांनी दोन वेगवेगळ्या मार्गांनी तो सोडवला. त्यासाठी २००२ साली त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. माशाच्या तुकड्याचे नाव शोधणे हे त्यांचे उद्दिष्ट नव्हते. परंतु मूलभूत संशोधन कोणत्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचेल, हे संशोधकाला आधी कळत नाही.

विगोच्या शास्त्रज्ञांना असे आढळले, की हेकच्या कुळातल्या सर्व व्यापारी जाती ओळखण्यासाठी पार्वअल्ब्युमिनचे अवघे ११ तुकडे पुरतात. कोणता तुकडा आहे आणि कोणता नाही, यावरून जात ठरते. एखाद्या वर्गातल्या मुलांना नाव न विचारता, कोणाच्या दप्तरात कोणती पुस्तके आहेत एवढ्यावरून ओळखावे, तसे हे आहे. ही परीक्षा दोन तासांच्या आत पूर्ण होते. आणि मुख्य म्हणजे, प्रक्रिया केलेल्या आणि आधीच शिजवलेल्या पदार्थांनाही ती लागू पडते.

येथे एक रास्त शंका उपस्थित होईल. जनुकीय तपासणीचे, म्हणजे डीएनएचे, नाव तर सर्वत्र ऐकू येते. मग प्रथिनांचा खटाटोप कशासाठी? कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी २००३ साली असे सुचवले, की एका ठरावीक जनुकाच्या सुमारे ६५० अक्षरांवरून प्राण्यांच्या जाती ओळखता याव्यात, दुकानातल्या वस्तू त्यांच्यावरच्या रेघांच्या चिठ्ठीवरून ओळखाव्यात तशा. ही पद्धत आज माशांच्या ओळखीची प्रमुख पद्धत आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही पुढे तिचाच अंगीकार केला. पूर्वी ज्याची कल्पनाही नव्हती असा मासा समोर आला, तर तो ओळखण्यात डीएनए अधिक समर्थ ठरते, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु दोन साक्षीदारांना वेगवेगळ्या गोष्टी ठाऊक असतात. डबाबंद माशाला दिलेल्या तीव्र उष्णतेने डीएनएचे बारीक तुकडे होतात आणि वाचन कठीण होते. जातीच्या चिठ्ठीसाठी वापरले जाणारे जनुक केवळ आईकडून येते. त्यामुळे दोन जातींचा संकर असलेला मासा त्या परीक्षेत सरळ आईच्या जातीचा दिसतो. मांसातली बहुतेक प्रथिने आई आणि बाप दोघांचा वारसा दाखवतात. भारतातील मत्स्यबीज केंद्रांत कटला, रोहू अशा माशांचे संकर होत असतात, हे लक्षात घेता हा मुद्दा क्षुल्लक नाही. शिवाय ताज्या माशाचे डीएनए आणि गोठवून वितळवलेल्या माशाचे डीएनए एकच असते. त्यावरून फसवणूक कळत नाही. गोठताना मात्र पेशींत बर्फाचे स्फटिक होऊन पेशीच्या आतले कप्पे फुटतात आणि एरवी बंदिस्त असलेली काही विकरे मांसरसात उतरतात. विकरे हीदेखील प्रथिनेच. ती रसात सापडली, की ‘आज सकाळीच आलेला’ मासा शीतगृहात राहून आला आहे, हे उघड होते. न्यायालयात जसे दोन साक्षीदार एकमेकांना पूरक ठरतात, तसे डीएनए आणि प्रथिन आहेत.

नेदरलँड्स आणि डेन्मार्क येथील संशोधकांनी २०१३ साली आणखी एक वाट दाखवली. त्यांनी एखाद्या विशिष्ट प्रथिनाचा शोध न घेता मांसातल्या हजारो तुकड्यांची वजनचित्रे एकदम घेतली आणि ज्ञात माशांच्या चित्रसंग्रहाशी त्यांची सरळ तुलना केली. ज्या संग्रहाशी अधिकाधिक चित्रे जुळतील, ती माशाची जात. या पद्धतीत त्या माशाच्या जनुकांची माहिती आधी हाताशी नसली तरी चालते. विश्वासाने ओळख पटलेले नमुने हाताशी असले म्हणजे झाले.

‘विश्वासाने ओळख पटलेले नमुने’ हे या सर्व शास्त्राचे मर्म आहे. रेघांची शिडी असो, ११ तुकडे असोत, डीएनएची अक्षरे असोत की वजनचित्रांचा संग्रह असो, यंत्र केवळ इतकेच सांगते की हा तुकडा त्या नमुन्यासारखा आहे. तो नमुना मुळात कोणत्या माशाचा होता, हे यंत्राला ठाऊक नसते. ते कोणीतरी अखंड मासा हातात घेऊन, त्याच्या पराचे काटे मोजून, खवल्यांच्या रांगा पाहून, दातांची ठेवण तपासून लिहून ठेवलेले असते. त्या नोंदीत चूक झाली तर जगातले सर्वांत महागडे यंत्रही तीच चूक पुन्हा पुन्हा, पूर्ण आत्मविश्वासाने सांगत राहते. म्हणून संदर्भासाठी वापरलेला मासा जपून ठेवण्याची पद्धत आहे; शंका आली तर पुन्हा त्याच्याकडे जाता यावे हा हेतू.

भारतात हे काम करणाऱ्या संस्था आहेत. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्था १९४७ साली स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय आज कोची येथे आहे. केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्था १९५७ पासून कोची येथेच काम करते. मुंबईतील केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था १९६१ ची, तर लखनऊचे राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो १९८३ चे. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या लखनऊ शहरात भारतातील माशांच्या जनुकीय ओळखीचे काम चालते, ही गोष्ट समुद्रापासून दूर वसलेल्या मासळीप्रेमी मराठी समाजाने आवर्जून लक्षात ठेवावी.

माजी विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या या सभेत एका शालेय उपक्रमाचा उल्लेखही उचित ठरेल. २००८ साली न्यूयॉर्कमधील दोन शाळकरी मुलींनी आपल्या परिसरातील उपाहारगृहांतून आणि दुकानांतून माशांचे ६० नमुने गोळा केले, प्रत्येकावर कोणते नाव सांगितले गेले त्याची काळजीपूर्वक नोंद केली आणि ते ग्वेल्फ विद्यापीठाकडे तपासणीसाठी पाठवले. ज्यांची ओळख पटली त्यांतील सुमारे पाव नमुन्यांवरचे नाव खोटे निघाले. एका मुलीचे वडील संशोधक होते आणि त्यांची मदत झाली, हे खरे. प्रयोगशाळेतले काम मुलींनी केले नाही, हेही खरे. परंतु प्रश्न त्यांचा होता आणि नोंदी त्यांच्या होत्या. नमुना कुठला, घेतला कधी, नाव काय सांगितले, ही नोंद व्यवस्थित नसती तर प्रयोगशाळेच्या उत्तराला काही अर्थ उरला नसता. अशी नोंद ठेवायला वही, पेन्सिल आणि प्रामाणिकपणा एवढीच सामग्री लागते, आणि ती कोणत्याही शाळेत उपलब्ध असते.

या सर्वांतून घराने काय घ्यावे? प्रयोगशाळा कोणाच्या स्वयंपाकघरात येणार नाही. तरीही काही गोष्टी हाती आहेत. शक्य असेल तेव्हा अखंड मासा घ्यावा आणि डोळ्यांदेखत कापून घ्यावा. मुलांना तो कापण्यापूर्वी दाखवावा आणि त्याचे नाव सांगावे. गोठवलेली पिशवी घेताना ‘फिश फिले’ एवढ्यावर समाधान न मानता माशाच्या जातीचे नाव, उत्पादकाचे नाव आणि पकडल्याचे किंवा पाळल्याचे ठिकाण छापले आहे का, ते पाहावे. युरोपीय संघाच्या २०१३ च्या नियमानुसार तेथील विक्रेत्याला माशाचे व्यापारी नाव, शास्त्रीय नाव, तो समुद्रातला की पाळलेला आणि कुठला, हे सांगावे लागते. भारतीय ग्राहकाने हेच प्रश्न विचारायला सुरुवात केली तर विक्रेत्यालाही उत्तरे शोधावी लागतील. घरात कोणाला माशांची ॲलर्जी असेल तर वेष्टनावरील ॲलर्जीची सूचना न चुकता वाचावी. भारताच्या २०२० च्या वेष्टनविषयक नियमांनी पाकीटबंद पदार्थांत मासा असल्यास तसे नमूद करणे बंधनकारक केले आहे. त्याचबरोबर हेही ध्यानात ठेवावे, की तशी सूचना ‘मासा आहे’ एवढेच सांगते, ‘कोणता’ ते सांगेलच असे नाही.

आणखी एक गोष्ट. नाव खोटे निघाले म्हणजे समोरचा विक्रेताच लबाड, असा निष्कर्ष घाईने काढू नये. बोटीपासून ताटापर्यंत मासा अनेक हातांतून जातो. नाव कुठे बदलले, हे शेवटच्या विक्रेत्याला पुष्कळदा स्वतःलाच ठाऊक नसते. तोही फसलेल्यांपैकीच असू शकतो. सर्वांत मोठे नुकसान तर होते ते प्रामाणिक मच्छीमाराचे. रात्रभर समुद्रावर राहून त्याने आणलेल्या खऱ्या पापलेटला बाजारात खोट्या पापलेटच्या भावाशी झुंजावे लागते. आणि जी जात समुद्रात कमी होत चालली आहे, तिच्या नावाने दुसरेच मांस दुकानात मुबलक दिसत राहिले, तर ती कमी होत आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. खोटे नाव फक्त ग्राहकाला फसवते असे नाही. समुद्राची खरी परिस्थितीही ते झाकून टाकते.

मासळीबाजारातल्या त्या बाईकडे शेवटी पुन्हा वळले पाहिजे. कल्ला उचलून पाहणारी ती बाई आणि ११ तुकड्यांची वजने तपासणारा विगोचा शास्त्रज्ञ यांचे काम एकाच जातीचे आहे. दोघेही सांगितलेल्या नावावर न थांबता वस्तूला विचारतात. बाईची विद्या अखंड माशापुरती होती; तुकड्यांच्या बाजारात ती अपुरी पडू लागली, तेव्हा शास्त्राने ती पुढे नेली. तरीही त्या शास्त्राचा पाया तिच्यासारख्याच, अखंड मासा ओळखणाऱ्या डोळ्यांवर उभा आहे. किनाऱ्यापासून दूर वाढणाऱ्या मुलांच्या पिढीत ते डोळे मिटू नयेत, म्हणून रविवारी घरात मासा आला की कापण्यापूर्वी क्षणभर मुलांना हाक मारावी, आणि मराठीत त्याचे नाव सांगावे.